हकिमाच्या ओसरीवरून जत्रेच्या पालात

इतिहासकार म्हणून ज्याचे नाव दख्खनच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असते, तो फेरिश्ता वैद्यकाचाही जाणकार होता आणि हिंदुस्थानी वैद्यक फारसीत सांगणारा ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ नावाचा ग्रंथ त्याने रचला होता, ही गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. ती ध्यानी घेतली म्हणजे बहमनी सुलतानांविषयी त्याने लिहून ठेवलेल्या दोन हकिगती एकमेकींशेजारी ठेवून वाचण्याचा मोह होतो. पहिली गुलबर्ग्याच्या फिरोजशहाची. भीमेच्या काठी फिरोजाबाद वसवणाऱ्या या सुलतानाच्या जनानखान्यात देशोदेशींच्या स्त्रिया होत्या आणि तो प्रत्येकीशी तिच्या भाषेत बोलत असे, असे फेरिश्ता सांगतो. त्यात अतिशयोक्ती किती हे वाचकाने आपल्या वकुबाप्रमाणे ठरवावे. दुसरी हकिगत बीदरच्या अलाउद्दीन अहमदशहाची. पंधराव्या शतकाच्या मध्यास त्याने राजधानीत दवाखाना बांधला, रुग्णांच्या अन्न-औषधांच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि त्यात मुसलमान हकिमांबरोबर हिंदू वैद्यही नेमले.

पौरुषवर्धक औषधांचा या मुलखातील इतिहास मला या दोन हकिगतींच्या मध्ये कोठे तरी उभा असलेला दिसतो. एकीकडे ज्याच्या वंशावर तख्ताचे भवितव्य अवलंबून आहे अशा राजाची हौस आणि चिंता, आणि दुसरीकडे ती चिंता दूर करण्यासाठी नाडीवर बोट ठेवून बसलेला, मात्रा चुकली तर आपली गर्दनही शाबूत राहणार नाही हे पक्के जाणणारा वैद्य.

वैद्य ज्याला वाजीकरण म्हणत आणि हकीम ज्याला ‘बाह’ची दवा म्हणत, ती विद्या मुळात एवढी भयंकर नव्हती. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक अंग. चरकाने त्यासाठी चिकित्सास्थानाचा दुसरा अध्याय खर्ची घातला आहे, आणि त्यातील योग चाळून पाहिले तर उडीद, दूध, तूप, साखर, साठीचा तांदूळ अशी स्वयंपाकघरातीलच सामग्री पुष्कळशी आढळते. आधी शरीरशुद्धी, मग औषध, आणि तेही संयमी पुरुषालाच, हा दंडकही तेथेच आहे. पुढे रसशास्त्र बलवान झाले आणि पारा, हिंगूळ, हरताळ, सोमल, शिसे, कथील यांची भस्मे आणि कुश्ते या पाकात उतरले. स्तंभनासाठी अफू आली, उत्तेजनासाठी कुचला आला. ही विषे आहेत हे त्या काळच्या जाणत्यांना आपल्याहून अधिक ठाऊक असावे, म्हणूनच कुचल्याचे बी गोमूत्रात आणि दुधात शिजवून, तुपात परतून घ्यावे, मात्रा गुंजेच्या अंशाने मोजावी, अनुपान आणि पथ्य चुकवू नये, असे निर्बंध त्यांनी घातले. या शोधनाने विष नाहीसे होत असे असा माझा दावा नाही. पाऱ्याने किती मूत्रपिंडे निकामी झाली आणि शिशाने किती मनगटे लुळी पडली याचे दप्तर कुणी ठेवले नाही. परंतु औषध देणारा माणूस रोग्याच्या समोर असे, एवढे खरे.

तो समोरून उठला केव्हा? निजामी अंमलात गुलबर्गा सुभ्याचे ठिकाण होते, अफू-गांजावर अबकारीची नजर होती, आणि पुढे हैदराबादेच्या युनानी खात्याला सरकारी प्रतिष्ठाही लाभली होती; पण विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्या-मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांतून व पंचांगांतून ज्या जाहिराती झळकू लागल्या, त्यांना हकिमाची गरजच नव्हती. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांबरोबर कामशास्त्राची पुस्तिका फुकट मिळे, हे आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होते. पत्ता लिहावा, व्ही. पी. सोडवावी आणि दार लावून गोळी गिळावी. लाज राखण्याची यापेक्षा सोयीची रीत कोणती? या जाहिराती आधी भय विकत आणि नंतर औषध. रक्ताच्या अमुक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो आणि तो गेला की आयुष्यच गेले, ही समजूत इतकी खोल रुजली होती की १९६० साली डॉ. न. ना. विग यांना ‘धात’ या आपल्याच शब्दावरून एका मनोविकाराचे नामकरण करावे लागले. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवून या अज्ञानाशी एकाकी झुंज दिली, तर खटले त्यांच्यावरच झाले.

कायदा आला तो १९५४ साली. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणाऱ्या या कायद्याने संभोगसुखाची क्षमता टिकविण्याच्या वा वाढविण्याच्या दाव्यांना स्पष्ट मनाई केली. त्याविरुद्ध दिल्लीचा हमदर्द दवाखाना सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९५९ मध्ये न्यायालयाने निषिद्ध औषधांची जाहिरात हा भाषणस्वातंत्र्याचा विषय नव्हे असे ठरवून कायद्याचा गाभा उचलून धरला, मात्र मालाच्या जप्तीचा अनिर्बंध अधिकार रद्द केला. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, बीदर जिल्ह्याचेच तुकडे झाले होते. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसुरात गेले. सरहद्द शासनाला दिसते, पुडी विकणाऱ्याला दिसत नाही.

गुलबर्ग्याला बंदेनवाजांचा उरूस असो, माणिकनगरला दत्तजयंतीचा उत्सव असो, की गाणगापूरची पौर्णिमा असो, अशा गर्दीच्या कडेला जडीबुटीवाल्यांचे पाल पडल्यावाचून राहत नाही. सांड्याच्या तेलाची बाटली तेथे अजूनही दिसते, वास्तविक सांडा या निरुपद्रवी सरड्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याच्या चरबीत इतर कोणत्याही चरबीहून अधिक गुण नाही. त्याहून घातक वस्तू मात्र याच मातीत उपजते. ज्या तुरीच्या डाळीला २०१९ साली गुलबर्ग्याच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, त्या तुरीच्या फुलांवर काळ्या-तांबड्या पट्ट्यांचे भुंगेरे बसतात. त्यांचा रस अंगाला लागला की फोड उठतो. याच कुळातले किडे युनानी तिल्यात, म्हणजे बाह्य लेपात, पडत आणि युरोपात ‘स्पॅनिश माशी’ म्हणून पोटातही घेतले जात. त्यातील कँथरिडिन मूत्रमार्ग जाळते. त्या दाहाने येणाऱ्या ताठरतेला शक्ती समजून माणूस खूश होतो, आणि मग लघवीतून रक्त जाऊ लागते व मूत्रपिंडे बंद पडतात.

आजच्या पुडीची गोष्ट निराळी आहे, आणि मला ती अधिक कपटी वाटते. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल पूड करून ‘शुद्ध वनौषधी’त मिसळलेले देशोदेशींच्या तपासण्यांत वारंवार सापडले आहे. वैद्याने तपासून दिले तर ते उपयुक्त औषध. पण हृदयशूळासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने नकळत घेतले तर रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतते, आणि डॉक्टरांनी विचारले असता तो बापडा प्रामाणिकपणे ‘मी तर फक्त झाडपाल्याचे चूर्ण घेतले’ असेच सांगतो. सिंगापुरात २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत, मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तशर्करा अतोनात घसरून रुग्णालयात आले. पौरुषाच्या अवैध गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध मिसळले गेले होते, आणि त्यांपैकी चौघे दगावले. शिवाय, ज्याची दुर्बलता मुळात मधुमेहाची किंवा अरुंद होत चाललेल्या रक्तवाहिन्यांची पहिली सूचना असते, तो पुडीच्या भरवशावर ती सूचनाच दडपून टाकतो आणि पुढे थेट हृदयविकारानेच दवाखाना गाठतो.

पारा, सोमल, कुचला, अफू ही नावे आजही शासनाच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहेत, आणि ती असलेल्या आयुर्वेदिक व युनानी औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना ठळक छापावी असा नियम आहे. ती इंग्रजीत आणि हिंदीत छापायची असते. भालकीच्या बाजारात पाटी कन्नडात असते, घासाघीस मराठीत होते, आणि पालातली पुडी बांधलेली असते ती जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात.