उंबर: आपण न खाल्लेलं फळ



चिंचपोकळी, फणसवाडी, वडाळा... आपल्या मुंबईत झाडांवरून पडलेली नावं किती! डोंगरीजवळची उमरखाडी त्यातलीच, उंबरावरून आलेली. मुंबई आणि माझगाव ही वेगळी बेटं होती, तेव्हा त्यांच्यामध्ये ही खाडी होती. पुढे भराव पडून खाडी बुजली, नाव तेवढं राहिलं.

उंबर ओढ्याकाठी आपोआप वाढतो. त्याचं लाकूड पाण्यात टिकतं, म्हणून विहिरीच्या कामाला वापरत. पाला गुरांना घालत. सालीच्या काढ्याने गुळण्या करत. मुळाला खाच पाडून रात्रभर मडक्यात धरलेलं पाणी उष्णतेवर देत. दत्तभक्तांना तर औदुंबर पूज्यच. संस्कृतात 'उदुंबर' म्हणजे घराची देहलीसुद्धा. आपला उंबरा तोच.

एवढं गुणी झाड, मग फळ आपल्याला वर्ज्य का?

समंतभद्राचार्यांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त आठ मूलगुण सांगितले: मद्य, मांस, मध यांचा त्याग आणि पाच अणुव्रतं. पुढे अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त मद्य, मांस, मधाबरोबर पाच उदुंबर फळांचा त्याग सांगितला: वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर. कारण, त्या फळांत त्रस जीव असतात. श्वेतांबरांच्या बावीस अभक्ष्यांतही ही पाच आहेतच. मला वाटतं, यामुळे धर्माची पहिली पायरी थेट स्वयंपाकघरात आली. पाठांतर नसलेल्या बाईलाही ती चढता येते.

आजचं शास्त्रही हेच सांगतं. उंबराची फुलं फळाच्या आतच असतात, म्हणून तर क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. एक इवलीशी गांधीलमाशी बारीक छिद्रातून आत शिरते, परागीभवन करते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या नरांना पंखच नसतात. 'उंबर फोडून केंबरं काढणं' ही म्हण करणाऱ्यांनीही ते किडे पाहिलेले होते.

सुना-नाती हमखास विचारतात, मग अंजीर चालतं का? अंजीर उंबराच्याच कुळातलं. आपल्याकडचं पुणेरी अंजीर मात्र परागीभवनाशिवाय, म्हणजे माशी आत न शिरताही धरतं. परदेशातून येणाऱ्या सुक्या अंजिरांच्या काही जातींना माशी लागतेच, आणि डब्यावर जात क्वचितच लिहिलेली असते. आमच्याकडे दोन्ही येत नाहीत. तुमच्या घरी काय रीत आहे, ती मुलींना कारणासकट सांगा. कारण कळलं की नियम जाच वाटत नाही.