लाल मणी

आज गडचिरोलीची गोष्ट सांगतो.

१९८० च्या दशकाअखेर डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग तिथं काम करत होते. गोंड आदिवासी आणि इतर गरीब घरांतली तान्ही बाळं न्यूमोनियानं जात. बाळाचे श्वास मोजायचे, तर कितीतरी सुईणींना पन्नास-साठपर्यंत आकडेच येत नव्हते. त्यात त्यांचा काय दोष? मग एक साधन निघालं: मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, की लगेच औषध.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बाया आरोग्यदूत झाल्या. बाळाचं वजन, ऊब, दूध घरी जाऊन बघू लागल्या. जन्मलेल्या हजारांपैकी ६२ बाळं महिन्याच्या आत जात होती, ती २००३ पर्यंत २५ वर आली. आशाताई आज बाळंतिणीकडे फेऱ्या मारतात, त्या इथूनच आल्या.

मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एकीचं बाळ आठव्या दिवशी गेलं. त्या महिन्याच्या वहीत आम्ही एवढंच लिहिलंय: हप्ता बाकी.