भिंग-ओळख, अंकीय छायाचित्रांतील

अंकीय कॅमेऱ्याने छायाचित्र घेतले असता प्रतिमेबरोबरच कॅमेऱ्याची बनावट, उद्भासनकाल, द्वारक, केंद्रांतर, दिनांक व वेळ ही माहिती त्याच फाइलमध्ये आपोआप नोंदली जाते. या नोंदीवरून चित्र कोणत्या भिंगाने घेतले हे संगणकाने ठरविणे, यास भिंग-ओळख म्हणतात. प्रत्येक प्रकारच्या भिंगाचे दोष ठराविक असतात : सरळ रेषा कडेला वाकतात, कोपरे काळवंडतात, कडांवर रंगीत किनार उमटते. भिंग कळल्यास त्याची आधी मोजून ठेवलेली दोषमापे वापरून हे दोष काढता येतात. भिंग चुकीचे ठरल्यास चांगले चित्रही बिघडते. चित्राचा उगम सिद्ध करण्याच्या दृष्टीनेही या नोंदीस महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : रासायनिक छायाचित्रणात अशी नोंद हातानेच करावी लागे. जालना १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काचेच्या निगेटिव्हांवर क्रमांक व शीर्षक लिहिलेले आढळते. अशा लेखनावरून स्थळ कळते. भिंगाचे अनुमान मात्र चित्रातील दृश्यकोनावरून व उपलब्ध कागदपत्रांवरूनच करावे लागते.

भिंग व कॅमेरा यांच्यात माहितीची देवाणघेवाण सुरू झाली ती स्वयंचलित केंद्रीकरणाच्या गरजेतून. मिनोल्टा कंपनीच्या १९८५ मधील ७००० या कॅमेऱ्याची भिंगे आपली माहिती विद्युत् स्पर्शकांद्वारे कॅमेऱ्यास देत. कॅनन कंपनीने १९८७ मध्ये आणलेल्या ईओएस मालिकेत भिंग व कॅमेरा यांमधील यांत्रिक जोडण्या काढून टाकून सर्व आज्ञा विद्युत् संकेतांनी देण्याची योजना होती. त्यासाठी भिंगास क्रमांक देण्यात आले. हे क्रमांक कॅमेऱ्याच्या सोयीसाठी होते. पुढे ते ओळखपत्र म्हणून वाचले जातील, अशी त्यामागे योजना नव्हती.

प्रमाणीकरण : जपानच्या इलेक्ट्रॉनिकी उद्योग विकास संघटनेने १९९५ मध्ये ‘एक्सिफ’ हे नोंदीचे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यात केंद्रांतर व द्वारक यांना जागा होती, भिंगाच्या नावाला नव्हती. उत्पादकांना मात्र स्वतःच्या नोंदीसाठी एक मोकळा विभाग दिलेला होता. त्यात प्रत्येक कंपनीने आपल्या रीतीने, बहुधा अप्रकाशित सांकेतिक रूपात, भिंगाचा क्रमांक लिहिला. तो उलगडण्याचे काम मुख्यतः कंपन्यांबाहेरील अभ्यासकांनी केले. फिल हार्वी यांची ‘एक्सिफटूल’ ही आज्ञावली २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. जगभरच्या वापरणाऱ्यांनी पाठविलेल्या नमुना-चित्रांवरून तिच्यातील क्रमांकसूची वाढत गेली. २०१० मधील २.३ या आवृत्तीत भिंगाचा उत्पादक, नाव, अनुक्रमांक व मापे यांसाठी स्वतंत्र जागा मिळाल्या. २०२३ मधील ३.० या आवृत्तीने यूटीएफ-८ ही लिपिसंकेतन पद्धती स्वीकारल्यामुळे चित्राचे शीर्षक व छायाचित्रकाराचे नाव देवनागरीतही प्रमाणानुसार नोंदता येऊ लागले.

ओळखण्याची रीत : आज्ञावली प्रथम भिंगाचे नाव शोधते, ते नसल्यास क्रमांक सूचीशी जुळवून पाहते. निकॉनच्या जुन्या भिंगांबाबत एका क्रमांकाऐवजी आठ संख्यांचा गट जुळवावा लागतो. कॅननच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. सिग्मा, टॅमरॉन इ. कंपन्यांनी कॅननच्या कॅमेऱ्यांस जोडता येणारी भिंगे तयार करताना मूळ कंपनीचे क्रमांक वापरले. त्यामुळे एकाच क्रमांकाची अनेक भिंगे झाली. अशा वेळी निरसनाची पद्धत वापरतात. उदा., समान क्रमांकाची १८–५० मिमी. व ५०–२०० मिमी. अशी दोन भिंगे असून नोंदलेले केंद्रांतर १३५ मिमी. असेल, तर पहिले बाद होते. केंद्रांतर ५० मिमी. असल्यास द्वारकाच्या मापाकडे पाहावे लागते. तरीही उलगडा न झाल्यास आज्ञावली संभाव्य भिंगांची यादी देते व निवड वापरणाऱ्यावर सोपविते. ७०–२०० मिमी. भिंगामागे १.४ पट वर्धक बसविल्यास पल्ला ९८–२८० मिमी. होतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. विद्युत् स्पर्शक नसलेले जुने भिंग स्वतःविषयी काहीच सांगू शकत नाही. शिवाय ही सर्व नोंद साध्या आज्ञावलीने बदलता किंवा पुसता येते.

पुरावा म्हणून मूल्य : यंत्राने केलेली नोंद कितपत ग्राह्य धरावी, या व्यापक प्रश्नाचा भारतातील एक प्रमुख निर्णय जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ मधील निवडणुकीतून उद्भवला. अर्जुन खोतकर यांना ४५,०७८, तर कैलास गोरंट्याल यांना ४४,७८२ मते मिळाली होती. खोतकर यांचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ या मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप होता. त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व बाहेरील कॅमेऱ्यांच्या चित्रफिती पुढे आल्या. या खटल्यात भिंगाचा प्रश्न नव्हता; चित्रण कोणत्या यंत्रावर व कसे निर्माण झाले, याची ग्वाही कोणी द्यावी, हा प्रश्न होता. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ ब नुसार उपकरणाचा तपशील देणारे प्रमाणपत्र आवश्यक होते आणि वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नव्हते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरविली. न्या. रोहिंटन नरिमन, एस्. रवींद्र भट व व्ही. रामसुब्रमणियन यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम केला. मूळ उपकरणच न्यायालयात सादर होत नसेल, तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र पक्षकाराने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले असल्यास त्याच्यावर अशक्य गोष्टीची सक्ती करता येत नाही, असे त्यात म्हटले आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात (कलम ६३) प्रमाणपत्राचे दोन भाग असून त्यात फाइलचा गणिती ठसा द्यावा लागतो. हा ठसा घेतल्यानंतर फाइल बदलली नाही, एवढेच त्यावरून कळते. मूळ नोंद खरी होती की नाही, हे उपकरणाच्या तपासणीने व ते हाताळणाऱ्याच्या साक्षीनेच ठरते. भिंगाच्या क्रमांकासही हाच नियम लागू पडतो.