स्वयं शिक्षण प्रयोग

ग्रामीण स्त्रियांना माहिती, निर्णय व उपजीविकेची साधने यांवर अधिकार मिळावा, या हेतूने प्रामुख्याने मराठवाड्यात कार्य करणारी स्वयंसेवी संस्था. मुंबईतील ‘स्पार्क’ (स्थापना १९८४) या संस्थेचा एक उपक्रम म्हणून तिचे कार्य सुरू झाले व १९९८ मध्ये तिची स्वतंत्र संस्था म्हणून नोंदणी झाली. प्रेमा गोपालन (मृत्यू २०२२) या तिच्या संस्थापिका होत.

संस्थेच्या कार्याला निश्चित वळण मिळाले ते किल्लारी भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळल्याने प्राणहानी वाढली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसन कार्यक्रम आखला. उद्ध्वस्त गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर गावांत मात्र तडे गेलेल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण शासकीय अनुदानातून घरमालकांनीच करावयाचे होते. त्यासाठी शासनाचे नियम व भूकंपरोधक बांधणीचे तंत्र घरोघरी पोहोचणे आवश्यक होते.

लोकसहभागाची ही जबाबदारी सुमारे १,३०० गावांत या संस्थेकडे सोपविण्यात आली. गावातीलच स्त्रियांची ‘संवाद सहायक’ म्हणून निवड झाली. कुटुंबांना अनुदानाची माहिती देणे, अभियंत्यांशी चर्चा करणे व ग्रामसभेत अडचणी मांडणे ही त्यांची कामे होती. भिंतीत आरपार दगड बसविणे, दाराखिडक्यांच्या माथ्यावर सलग पट्टा घालणे, माळवदावरील मातीचे ओझे कमी करणे इ. गोष्टी त्या शिकल्या व इतरांना समजावून देऊ लागल्या. बांधकाम व सरकारी कचेरी ही दोन्ही क्षेत्रे तोवर पुरुषांचीच मानली जात. घराची सर्वाधिक झळ सोसणारी स्त्री प्रथमच त्याच्या बांधणीविषयी प्रश्न विचारू लागली, हे या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व होय. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९३) पंचायतींत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या होत्या. त्यामुळे या जाणतेपणाला सार्वजनिक क्षेत्रही उपलब्ध झाले.

कार्यक्रम संपल्यावर या स्त्रियांचे संघटन बचत गटांच्या रूपाने टिकले. गुजरातमधील भूकंप (२००१) व तमिळनाडूतील त्सुनामी (२००४) यांनंतर मराठवाड्यातील स्त्रियांनी तेथे जाऊन आपद्‌ग्रस्त स्त्रियांना स्वानुभव सांगितला. तुर्कस्तानातील भूकंपग्रस्त (१९९९) स्त्रियांशीही अशीच देवाणघेवाण झाली.

पुढे अवर्षणामुळे शेती हे संस्थेचे मुख्य कार्यक्षेत्र बनले. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, नांदेड इ. जिल्ह्यांत कुटुंबाच्या जमिनीपैकी सुमारे एक एकर स्त्रीने स्वतःच्या निर्णयाने कसावी, तीत नगदी पिकाऐवजी धान्य, कडधान्ये व भाजीपाला घ्यावा आणि सेंद्रिय खते वापरावीत, अशी पद्धत रूढ करण्यात आली. या कार्याबद्दल संस्थेस संयुक्त राष्ट्रांचा ‘इक्वेटर पुरस्कार’ (२०१६) मिळाला.

तथापि स्त्रीला एकरभर जमीन कसण्यास मिळणे आणि सातबाऱ्यावर तिचे नाव लागणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिली घरातील संमतीने साधते. दुसरीसाठी मालकी हक्कात बदल व्हावा लागतो. नाव नसल्यास पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई मिळविताना कसणाऱ्या स्त्रीला पुरुषावरच अवलंबून राहावे लागते. भूकंपानंतर माहितीच्या हक्कापासून सुरू झालेली ही वाटचाल म्हणूनच मालमत्तेच्या हक्काच्या प्रश्नाशी येऊन पोहोचते.