भाद्रपदात सोललेली दोरी

शतपथ ब्राह्मणाच्या चौदाव्या कांडाच्या आरंभी एक विलक्षण कथा येते. देवांना वरचढ झालेला विष्णू धनुष्य आणि तीन बाण घेऊन उभा आहे आणि दोरी चढवलेल्या धनुष्याच्या टोकावर डोके टेकून विसावला आहे. त्याच्यावर चालून जाण्याची देवांची छाती होत नाही. ते नुसते भोवती बसून राहतात. तेव्हा वाळवी पुढे येते. कथेत तिला वम्री आणि उपदीका अशी दोन नावे आहेत, आणि उपदीका व आपली उधई यांचे नाते कानाला सहज जाणवते. धनुष्याची दोरी कुरतडून देणाऱ्याला काय द्याल, असे ती विचारते. खायला अन्न आणि वाळवंटातही पाणी, असा सौदा ठरतो. वाळवी दोरी कुरतडते, धनुष्याची दोन्ही टोके फाडकन सुटतात आणि विष्णूचे शिर उडते.

या कथेचा यज्ञातील अर्थ प्रवर्ग्य विधीशी जोडलेला आहे आणि त्यावर जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला मात्र ती वाचताना दरवेळी वाटते, की रचणाऱ्याच्या घरात धनुष्य होते. दोरी ही खाण्याजोगी वस्तू आहे, कोठीत ठेवली तर तिला वाळवी लागते, हे त्याला ठाऊक आहे. दोरी चढवून ठेवलेले धनुष्य विसाव्याला टेकू म्हणून वापरू नये, हेही ठाऊक आहे.

आपल्याकडे धनुष्यावर लिहिणाऱ्यांनी दोरीकडे फारसे पाहिलेले नाही. त्याचे कारणही उघड आहे. दोरी टिकत नाही. संग्रहालयांत धनुष्ये आहेत, बाणांची फाळे आहेत, अंगठ्या आहेत. दोऱ्या नाहीत, आणि असल्या तर बहुधा प्रदर्शनासाठी मागाहून बांधलेल्या. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोझ’ हे जहाज १५४५ मध्ये बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले. त्यावर शंभराहून अधिक धनुष्ये आणि हजारो बाण जवळजवळ जसेच्या तसे सापडले, पण दोऱ्यांचे काही उरले नव्हते. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या प्रसिद्ध माणसाच्या भात्यात पीळ दिलेली एक दोरी होती. ती जनावराच्या स्नायूतंतूंची, म्हणजे बहुधा धनुष्याची, हे कळायला पुढे पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला. बर्फ नसलेल्या देशात दोरीचा शोध घ्यायचा तर भाषा, ग्रंथ आणि जिथे अजून धनुष्य बांधले जाते ती घरे, एवढ्याच जागा उरतात.

भाषेपासून सुरुवात करू. वेदात ‘गो’ हा शब्द कुठे कुठे धनुष्याच्या दोरीसाठी येतो. यास्क निरुक्तात त्याचे कारण देतो: दोरी गाईच्या स्नायूची असते म्हणून ती ‘गो’. पण तो तिथे थांबत नाही. दोरी गाईची नसेल तर काय, हा प्रश्न तो स्वतःच उपस्थित करतो, आणि मग बाणांना ‘घालवते’, गती देते म्हणून ‘गो’ असा दुसरा मार्ग काढतो. व्युत्पत्ती म्हणून ही ओढाताण आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने ही ओढाताण मोलाची आहे. यास्काच्या काळी गाईच्या स्नायूची नसलेली दोरी इतकी नेहमीची होती, की व्याकरण जाणणाऱ्या पंडिताला तिची सोय लावावी लागली.

मग ती कशाची होती? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात धनुष्ये चार द्रव्यांची सांगितली आहेत: ताड, वेळू, लाकूड आणि शिंग. लगेच दोरीची सहा द्रव्ये येतात: मूर्वा, अर्क, शण, गवेधु, वेणु आणि स्नायू. सहांपैकी पाच वनस्पती आहेत आणि स्नायू शेवटी आहे. अर्क म्हणजे आपली रुई, शण म्हणजे ज्याला शेतकरी ताग म्हणतो आणि हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो. वेणु म्हणजे वेळू. गवेधु हे गवताच्या जातीचे.

मूर्वेचा मान सर्वांत मोठा. दोरीला ‘मौर्वी’ हे नावच तिच्यावरून पडले, आणि मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला म्हणजे मूर्वेची ज्या, असे विधान आहे. ब्राह्मणाला मुंज, वैश्याला तागाचा दोर. पण मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर वैद्यांचे आजही एकमत नाही. महाराष्ट्रात मोरवेलीला मूर्वा म्हणून घेतात. काही जण सॅन्सेव्हिएरियाला मूर्वा मानतात. हल्ली फ्लॅटच्या गॅलऱ्यांत कुंडीतून दिसणारी, तलवारीच्या पात्यांसारख्या उभ्या पानांची झाडे तिच्याच भाऊबंदांपैकी, आणि इंग्रजीत त्या कुळाला धनुष्याच्या दोरीवरूनच नाव आहे. तिसरी दावेदार म्हणजे मार्सडेनिया ही डोंगरी वेल. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग याने नोंदवले आहे, की राजमहालच्या टेकड्यांतले लोक तिच्या सालीच्या तंतूंची दोरी वळतात आणि रोजच्या वापरात, ऊनपावसात ती पाच वर्षे टिकते असे सांगतात. औषधी मूर्वा कोणती, यात मला पडायचे नाही. पण मनूची आणि कौटिल्याची मूर्वा शोधताना मुळीचा काढा उपयोगाचा नाही, सालीचा किंवा पानाचा तंतू ओढून पाहायला हवा. त्या कसोटीवर मोरवेल मागे पडते असे माझे मत आहे.

कौटिल्याची यादी नुसती यादी आहे, निवड कशी करावी हे तो सांगत नाही. ते सापडते धनुर्वेदाच्या श्लोकांत. वसिष्ठाच्या नावावर चालणाऱ्या धनुर्वेदात ते आहेत आणि १३६३ मधल्या शार्ङ्गधरपद्धती या संग्रहातही हा विषय आला आहे. दोरी रेशमाची करावी, करंगळीएवढी जाड, धनुष्याच्या मापाची, मध्ये कुठे सांधा नसलेली, तिपदरी शुद्ध तंतूंची, गोल आणि गुळगुळीत वळलेली. रेशीम नसेल तर हरणाचा स्नायू, किंवा म्हशीचा, गाईचा. नाहीतर केस काढलेल्या बकऱ्याच्या कातड्याची वादी. पक्व वेळूच्या सालीचीही करावी, ती वर रेशमाने गुंडाळावी. आणि भाद्रपद लागला, की रुईची साल उत्तम.

यातला प्रत्येक शब्द हाताने काम केलेल्या माणसाचा आहे. ‘सांधा नको’ हे का, तर गाठीपाशी दोरी नेहमी आधी तुटते. बाण सुटल्यावर दोरी जिथे एकदम थांबते तिथे सगळा झटका बसतो, आणि दोरी तुटली तर तो झटका धनुष्याच्या पोटात जातो, धनुष्यच मोडते. रॉजर अ‍ॅस्कम या इंग्रज पंडिताने १५४५ मध्ये, म्हणजे ‘मेरी रोझ’ बुडाली त्याच वर्षी, धनुर्विद्येवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. वाईट दोरीने किती चांगली धनुष्ये मोडली, याची तो त्यात हळहळ करतो. जाडीबद्दलही तो बोलतो: बारीक दोरीने बाण लांब जातो, जाड दोरी संथ पण भरवशाची. कारण सोपे आहे. सुटताना बाणाबरोबर दोरीलाही धावावे लागते. ढोबळ हिशेबाने दोरीच्या वजनाचा तिसरा हिस्सा बाणालाच चिकटल्यासारखा असतो. तेव्हा करंगळीएवढ्या जाडीचे प्रमाण सांगणारा धनुर्वेद लांब पल्ल्याच्या हलक्या बाणाचा नाही, जड बाणाचा आणि ताकदवान धनुष्याचा विचार करतो आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मला सर्वांत जास्त थांबवतो तो भाद्रपद. शस्त्राच्या ग्रंथात महिन्याचे नाव कशासाठी? पावसाळाभर रुईचे नवे कोंब सरळ, लांब वाढलेले असतात, म्हणजे सांधा न देता लांब तंतू निघतो. पुढे ऊन वाढते, काड्या जून होतात आणि साल लाकडाला धरून बसते. रुईची साल तागासारखी पाण्यात कुजवून चालत नाही, तंतू बिघडतो. काड्या दिवस-दोन दिवस सुकवून साल हाताने सोलावी लागते, आणि ते ऐन पावसात जमत नाही. भाद्रपदात पावसाला उघडीप मिळू लागते. पुढे आश्विनात दसरा, सीमोल्लंघन, स्वाऱ्यांचा हंगाम. दोरीचे पंचांग लढाईच्या पंचांगाच्या एक महिना आधी चालते. हा शेवटचा दुवा मी जोडलेला आहे, ग्रंथात तो नाही.

पाऊस हा दोरीचा खरा परीक्षक. स्नायू आणि कातडे कोरडे असताना उत्तम, पण भिजले की सैलावतात. ताग, अंबाडी, रुई यांसारख्या सालीच्या तंतूंचे उलट आहे, ओलाव्याने त्यांचा जोर कमी होत नाही, बरेचदा वाढतो. त्यांना भीती असते ती कुजण्याची, म्हणून मेण चोळायचे आणि वापर संपला की उतरवून कोरड्यात ठेवायचे. १३४६ मधल्या क्रेसीच्या लढाईत पावसाने जिनोआच्या तिरंदाजांच्या दोऱ्या निकामी झाल्या, आणि इंग्रजांनी आपल्या उतरवून शिरस्त्राणाखाली ठेवल्या होत्या, असे एका समकालीन फ्रेंच बखरकाराने लिहिले आहे. इसवी सन पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरस आणि अलेक्झांडर यांची लढाई झाली तीही पावसातच. भारतीयांचे धनुष्य पुरुषभर उंच, ते जमिनीला टेकवून डाव्या पायाने रेटून ओढत, असे एरियन सांगतो. त्या दिवशी ते का चालले नाही, याचे कारण कर्टियस देतो ते निसरड्या जमिनीचे. चिखलात टोक रुतेना. दोरीला तो दोष देत नाही. एका लेखकाच्या मौनावर फार भार टाकू नये हे खरे, पण पाच वनस्पती आणि एक स्नायू हे कौटिल्याचे प्रमाण त्या मौनाशी जुळते.

पुढे तुर्क-मोगलांबरोबर शिंग आणि स्नायू सरसाने जोडलेले, उलट वळणाचे छोटे धनुष्य सर्वत्र झाले. त्याला रेशमाची दोरी आणि ती ओढायला अंगठ्यातली ‘जिहगीर’, म्हणजे शब्दशः दोरी धरणारी. घोड्यावरून मारा करायला याच्या तोडीचे धनुष्य नाही. पण सरसाला दमट हवा मानवत नाही. शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहतील अशी पोलादी धनुष्ये या देशात बनवली गेली त्यामागे हेही कारण असावे. दरबारी चित्रांत हेच धनुष्य दिसते, त्यामुळे ‘भारतीय धनुष्य’ म्हटले की तेच डोळ्यांपुढे येते, आणि ताड-वेळूचे मोठे धनुष्य रानटी ठरते.

या ठरवण्याला माझा आक्षेप आहे, आणि तो वेळूच्या दोरीपाशी सर्वांत तीव्र होतो. कौटिल्याचा ‘वेणु’ वाचून शहरी वाचक अडखळतो. बांबूचे धनुष्य समजते, बांबूची दोरी कशी? ती वळणार कशी, गाठ कशी बसणार? मीही ते बरीच वर्षे पुस्तकातच वाचले होते. मग अक्राणी तालुक्यात, सातपुड्यातल्या एका भिल्ल घरी ती हातात घेतली. दोरी नव्हेच ती. वेळूच्या बाहेरच्या हिरव्या सालीतून काढलेली, बोटभराहून अरुंद, दोन्ही कडा घासून गुळगुळीत केलेली एक सलग पट्टी. गाठ पट्टीला मारलेलीच नव्हती. दोन्ही टोकांना खाचा पाडून तिथे सुताचे फास घट्ट आवळले होते आणि ते फास धनुष्याच्या टोकांत अडकवले होते. घरातल्या म्हाताऱ्याबाबाने पट्टीवर नख मारले, आवाज ऐकला आणि “अजून चालेल” एवढेच म्हटले. धनुष्य उतरवून चुलीवरच्या आढ्याला, धुरात, टांगलेले असे. धुराने कीड लागत नाही. उपदीकेवरचा उपाय, म्हणायचे तर.

धनुर्वेदातली पक्व वेळूची साल ती हीच. ‘पक्व’ या विशेषणाचा अर्थ मला तिथे कळला: कोवळा वेळू सुकताना आक्रसतो, जून वेळूची साल ताणली तरी जवळजवळ वाढत नाही. न ताणणारी दोरी बाणाला झटपट सोडते, पावसात सैलावत नाही, आणि तुटली तर दुसरी पट्टी दारातल्या बेटात उभी असते. तिचे दोषही आहेत, मुडपली की चिरते, अति सुकली की कडकते. पण ‘यांना सूत वळता येत नाही म्हणून बांबू बांधतात’ हे जे अजून ऐकू येते, ते खोटे आहे. ज्यांना फास वळता येतो त्यांना दोरीही वळता येते. त्यांनी निवड केली, आणि कौटिल्याच्या आयुधागारातही ती निवड मान्य होती.

मराठीने या दोरीच्या खुणा भलत्याच ठिकाणी जपल्या आहेत. कामटी म्हणजे वेळूची चिरलेली पट्टी आणि कामठा म्हणजे धनुष्य. शाळेत वर्तुळाच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला आपण ‘जीवा’ म्हणतो, ती धनुष्याचीच दोरी. आर्यभटाने ४९९ च्या सुमारास जिच्या अर्ध्याचे कोष्टक मांडले ती ‘ज्या’ अरबांकडे जाऊन ‘जैब’ झाली, म्हणजे कपड्याचा घोळ, गळ्याची चीर; तिचे लॅटिन भाषांतर पुढे जगभरच्या त्रिकोणमितीत गेले. आपण खिशाला जेब म्हणतो तो शब्दही तोच अरबी. वर्गात जीवा काढणाऱ्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही, नंदुरबारच्या शाळांतही नाही, जिथे ती घरी आढ्याला टांगलेली असू शकते.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने हत्यारांची जी व्याख्या केली तिच्यात बंदुका, तलवारी, भाले यांच्या ओळीत धनुष्यबाणही होता. खानदेशात त्याआधी अर्धशतक, १८२५ मध्ये, आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली होती. जे धनुष्य सरकारने एवढे गंभीरपणे घेतले, ते आपल्या अभ्यासकांनी लोककलेच्या कपाटात ठेवले. हल्ली जत्रांत विकायला येणाऱ्या धनुष्यांना नायलॉनची दोरी असते. ती रबरासारखी ताणते, बाण दहा पावलांवर पडतो, आणि घेणाऱ्याला वाटते की ही धनुष्ये अशीच असत.