फ्रँकफर्टची तयारी, अर्थात एका पत्त्याची गोष्ट

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. एक तर व्हिसाची कागदपत्रं, आणि दुसरं म्हणजे ‘अभ्यास’! येत्या ऑक्टोबरात कंपनी मला फ्रँकफर्टला पाठवतेय. तिथला जगप्रसिद्ध पुस्तक मेळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी शास्त्रीय, तांत्रिक आणि वैद्यकीय प्रकाशकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची वार्षिक परिषद भरते. संघटनेचं छोटं नाव एसटीएम (आपल्या लाल डब्याशी काही संबंध नाही).

आता मी पडलो प्रोग्रॅमर. शोधनिबंधाची वर्ड फाइल आली की तिचं एक्सएमएल करायचं आणि शेवटच्या संदर्भयादीतल्या प्रत्येक नोंदीला लिंक जोडायची, हे आमचं सॉफ्टवेअर करतं. प्रकाशकांच्या परिषदेत मी काय दिवे लावणार? मॅनेजर म्हणाला, ‘लोकांना भेट, कार्डं वाट.’ बाबा म्हणाले, ‘म्हणजे ते जर्नलवाले ना? त्यांना विचार, माझा पेपर कुठंय.’

बाबांच्या पेपरबद्दल नंतर सांगतो. आधी अभ्यास.

जर्नल हा प्रकार सुरू झाला १६६५ साली. जानेवारीत पॅरिसला एक निघालं आणि ६ मार्चला लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’. ते काढणारा हेन्री ओल्डेनबर्ग हा रॉयल सोसायटीचा सचिव. युरोपभरच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार होता. कोणी काय शोधलं ते पत्रातून कळायचं, हा ते दुसऱ्यांना कळवायचा. पत्रं फार झाली, तेव्हा ती छापायची कल्पना निघाली. म्हणजे जर्नल हे मुळात अनेकांना एकदम पाठवलेलं पत्र! खर्च ओल्डेनबर्गचा स्वतःचा, आणि नफा जेमतेम. वर १६६७ मध्ये, इंग्रज-डच युद्धाच्या धामधुमीत, परदेशी पत्रव्यवहारामुळे संशय येऊन त्याला टॉवर ऑफ लंडनमध्ये दोनेक महिने काढावे लागले.

या तोट्याच्या धंद्यात पैसा आहे हे दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांना दिसलं, त्यांत ठळक नाव रॉबर्ट मॅक्सवेलचं. १९५१ मध्ये त्याने एक छोटी कंपनी ताब्यात घेऊन तिचं नाव पर्गमॉन प्रेस ठेवलं. त्याचं गणित साधं होतं. एका जर्नलऐवजी दुसरं घेऊन भागत नाही, कारण प्रत्येकात वेगळं संशोधन असतं. त्यामुळे विद्यापीठांना सगळीच घ्यावी लागतात. लेखक पैसे मागत नाहीत, तपासणारे प्राध्यापकही बहुतेक फुकटच तपासतात. १९९१ मध्ये पर्गमॉन एल्सव्हिअरला विकली गेली, तेव्हा किंमत होती ४४ कोटी पौंड.

त्याच १९९१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लॉस अलामॉसला पॉल गिन्स्पार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने एक सर्व्हर सुरू केला. शोधनिबंध छापून यायच्या आधीच त्यावर टाकायचे, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यायचा. तोच आजचा आर्काइव्ह. मग वेब आलं, जर्नलं ऑनलाइन गेली, आणि इथे माझ्या आवडीचा भाग सुरू होतो :)

शोधनिबंधाचा जीव त्याच्या संदर्भयादीत असतो. अमुक गोष्ट तमुकने आधी दाखवली आहे, बघा. ऑनलाइन म्हटल्यावर त्या नोंदीवर क्लिक केलं की मूळ निबंध उघडायला हवा. पण तो छापलेला असतो प्रतिस्पर्ध्याने! दोन-दोन प्रकाशकांनी आपसात करार करायचे म्हटले तर १२ प्रकाशकांना ६६ करार लागतात, १०० जणांना ४,९५०. दुसरी भानगड म्हणजे वेबसाइट बदलली की सगळ्या जुन्या लिंक मेल्या. ४०४.

यावर उतारा आपल्या धंद्यातलाच होता, एक पायरी मध्ये घालायची. निबंधाला एक कायमचा क्रमांक द्यायचा, आणि तो क्रमांक आज कोणत्या पत्त्यावर राहतो याची नोंद एका मध्यवर्ती वहीत ठेवायची. घर बदललं की फक्त वहीतली ओळ बदलायची, क्रमांक तोच. पोस्टात पत्ता बदलल्याचा अर्ज देतात ना, तसंच. या क्रमांकाचं नाव डीओआय. १९९७ च्या फ्रँकफर्ट मेळ्यात तो जगापुढे आला. खालची यंत्रणा होती रॉबर्ट कान यांच्या संस्थेची. होय, टीसीपी/आयपीवाले कान!

पण वही ठेवणार कोण? स्पर्धकाच्या हातात कोणी देईना. इथे माझी परिषद गोष्टीत येते. १९९९ च्या ऑक्टोबरात, याच एसटीएमच्या फ्रँकफर्टच्या बैठकीच्या वेळी वायली आणि अकॅडमिक प्रेस यांनी संदर्भ जोडणारा एक प्रोटोटाइप दाखवला. एरवी एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारी मंडळी एका टेबलाशी बसली. पुढच्याच महिन्यात १२ प्रकाशकांनी जाहीर केलं की वही सामाईक ठेवू, ना नफा तत्त्वावर. त्यांत एल्सव्हिअर, स्प्रिंगर, नेचर होते आणि ‘सायन्स’ काढणारी अमेरिकन संस्थाही. २००० मध्ये क्रॉसरेफ सुरू झालं. आज त्याच्याकडे १५ कोटींहून जास्त नोंदी आहेत, आणि माझं सॉफ्टवेअर रोज त्यांच्याशी बोलतं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहात बाबांना सांगितलं. आता त्यांच्या पेपरची गोष्ट.

बाबा तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. लायब्ररीत परदेशी जर्नल एकही नाही. परीक्षेचे पेपर तपासायला विद्यापीठात गेले की दुपारच्या सुट्टीत तिथल्या लायब्ररीत ‘करंट कंटेंट्स’ चाळायचे. युजीन गारफील्ड यांच्या संस्थेचं हे साप्ताहिक. त्यात ताज्या जर्नलांच्या फक्त अनुक्रमणिका असायच्या, आणि मागे लेखकांचे पत्ते. पत्ते हीच खरी कमाई! बाबा ते वहीत उतरवून घ्यायचे आणि घरी येऊन छापील कार्डं भरायचे. ‘आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवाल का?’ दोन-तीन महिन्यांनी परदेशी तिकिटांचं पाकीट यायचं. लेखकाकडे छापील प्रती असायच्या, तो एक पाठवून द्यायचा. फुकट, अनोळखी माणसाला. तिकिटं मला मिळायची.

एका कार्डाला मात्र उत्तर आलं नाही. १९८१ सालचं कार्ड, वहीत नोंद आहे, पुढची चौकट रिकामी. त्या लेखावाचून बाबांच्या एम.फिल.च्या प्रबंधातलं एक प्रकरण लंगडं राहिलं, असं ते अजून म्हणतात.

म्हटलं, बघा आता. नाव टाकलं, डीओआय मिळाला (जुन्या लेखांनाही नंतर क्रमांक दिलेत). क्लिक केलं. अर्ध्या सेकंदात बरोबर तोच लेख, तोच खंड, तेच पान. शीर्षक, लेखकाचं नाव, आणि खाली एक बटण: लेख हवा असेल तर एवढे डॉलर.

बाबा चष्मा वर करून बघत होते. म्हणाले, ‘म्हणजे पत्ता बरोबर आहे. दार बंद आहे.’

मला काही बोलता येईना. कारण १९९९ साली त्या टेबलावर ठरलं ते एवढंच होतं. पत्ता सामाईक, कुलूप ज्याचं त्याचं. कुलपाची चर्चा झाली असती तर बहुधा पत्त्याचंही जमलं नसतं, हे मला इंजिनिअर म्हणून पटतं. जेवढं जुळतं तेवढं आधी जुळवावं. पण बाबांच्या चौकटीकडे बघून ते पटवून सांगता येत नाही.

आपल्याकडे यावर एक मोठं पाऊल पडलंय. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, आणि ६,३०० च्या वर सरकारी संस्था. तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या पोरीला ही दारं उघडली, हे लहान नाही. पण दार संस्थेला उघडतं. घरी बसलेला निवृत्त मास्तर, खाजगी कॉलेजातला विद्यार्थी अजून बाहेरच.

असो. तयारी संपत आली. व्हिजिटिंग कार्डं छापून आलीत. वहीत बरेच प्रश्न होते, एक्सएमएलचे, मेटाडेटाचे. ते खोडले नाहीत, पण वर एक नवा लिहिलाय. पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही स्पर्धक असून पत्ता सामाईक केलात, कारण त्यात सगळ्यांचा फायदा होता. चाळीस वर्षं जुन्या लेखाचं कुलूप काढण्यात आज नेमका कोणाचा तोटा आहे?

विचारायला धीर होईल की नाही, माहीत नाही. निघताना बाबांनी त्यांच्या जुन्या गठ्ठ्यातलं एक कोरं कार्ड बॅगेत टाकलंय. म्हणाले, ‘राहू दे, कोणी भेटलं तर.’