कान्हेरी : सोनाराचे टाके, लोहाराची वाट

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ओढ्याच्या घळीलगत कोरलेली कान्हेरी ही शंभराहून अधिक लेण्यांची भिक्खूंची वसाहत. शिलालेखांत तिचे नाव कण्हसेल. बहुतेक मंडळी तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहापुढे फोटो काढून परततात. आम्ही तरुणांना आधी पाण्याची टाकी दाखवतो. विहाराच्या दाराशी कातळात खोदलेले टाके, उतारावरून पाणी आणणाऱ्या पन्हळी. पावसाळ्याचे पाणी असे पुढच्या महिन्यांसाठी साठवले जाई. यातले एक टाके कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराचे दान आहे. कल्याणच्याच नंद लोहाराने तर चक्क वाट दान केली! सातवाहन राजांची नावे आपल्याला पाठ असतात, यांची नसतात. भिक्खुणींच्या दानाचे लेखही इथे आहेत.

जाण्यापूर्वी धम्मलिपीची मुळाक्षरे शिका. ‘देयधम’ हा शब्द तरी नक्की वाचता येईल. सोमवारी उद्यान बंद असते. आणि एक विनंती : अक्षरे दिसावीत म्हणून त्यांत खडू भरू नका. तिरप्या उन्हात ती आपोआप उठून दिसतात.